येळवशीच्या कळा

श्रीदेवीनं कडब्याच्या काडीनं मातीत सातवी रेघ ओढली आणि मोबाइलमध्ये वेळ बघितली. आधीच्या कळेला सहा मिनिटं झाली होती. मघाशी बसली होती तेव्हाही सहा, त्याआधी चालत होती तेव्हाही सहाच.

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावास्येचा, सण होता. कमठाण्याचं अख्खं गाव आपापल्या रानात डाळी-भाज्यांची भज्जी आणि आंबिल जेवायला आलं होतं. श्रीदेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा सरत आलेला. आईनं, निलम्मानं, तिच्या हातात ओवा कोंबला.

"हे चाव. गरम पाणी पी. अन् डाव्या कुशीवर आडवी हो, मी कंबर चोळते."

"आई, एकावेळी एकच कर! सगळं एकदम केलं तर कशानं काय झालं ते कळंल कसं?"

"ही काय तुझी शाळा हाय? भज्जी बाधली तुला. वरनं आंबट आंबिल. वारं धरलंय पोटात."

नववीच्या वर्गाला दरसाल हेच शिकवून तिचा घसा बसायचा. प्रयोगात एकच गोष्ट आपण बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, मग काय होतंय ते बघायचं. पोरांना कळत होतं. घरच्यांना कळेल तर शपथ!

बांधावरनं तिचे वडील, हणमंतप्पा, करवादले. "दोनदा जीप करून बिदरला नेलं. दोन्ही बारीला खोट्या कळा म्हणून डॉक्टरनं परत धाडलं. आता भर सणाला पुन्हा वरात काढू व्हय?"

"अप्पा, तवा झोपलं की थांबायच्या. आज झोपले, बसले, चालले, पाणी पिले. कशानंच फरक न्हाई. उलट जोर वाढायलाय."

"भज्जी जिरली की थांबतंय."

श्रीदेवीच्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात कळ आली. ओठ दाबून तिनं ती जाऊ दिली.

"मी भज्जी खाल्लीच न्हाई. आंबिलीचा घोट बी न्हाई. सकाळपासनं पाव्हण्यांचीच ताटं भरायलीय. तुम्ही बघितलात कधी?"



"मग आधी दोन घास खा," अप्पा चाचरत म्हणाले, "मग बघू."

"आधी जीप आणा!" निलम्मा नवऱ्यावर ओरडली. उभ्या संसारात ती अशी कधी ओरडली नव्हती. अप्पा धोतर सावरत रस्त्याकडं पळाले.

निलम्मा लेकीसमोर मातीतच बसली.

"किती मिनिटांनी यायलेत गं?"

सकाळपासनं हे कुणी विचारलंच नव्हतं.

"पाच," श्रीदेवी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.