डाव्या अंगाचे चेंडू

घड्याळजींची दोन्ही मुलं दुपारपर्यंत दुकानात बसत आणि मग पांढरी पँट चढवून मैदान गाठत. टेनिस तेव्हा नवं होतं. खेळण्याबद्दल कुणी खेळाडू पैसे घेत नसे. घेतले तर स्पर्धेतून नावच कापलं जाई. "एवढं धावून मिळतं काय? घाम!" वडील म्हणत. पण दुहेरीचा चषक घरी आला, तेव्हा त्यांनीच तो दुकानाच्या काचेत मांडला.

तिशी ओलांडताना थोरल्याचा डावा डोळा गेला. काम करताना तो भिंग उजव्या डोळ्यालाच लावी, डावा मिटलेला असे. त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बायकोलाही त्यानं सांगितलं नाही. डाव्या अंगाचे चेंडू चुकायला लागले, तसा धाकटा काही न बोलता त्याच्या डाव्या हाताशी सरकून उभा राहू लागला. हावरा आहे, भावाच्या तोंडचा घास पळवतो, असं लोक म्हणत. जोडी जिंकत राहिली. एकेरी मात्र धाकट्यानं सोडून दिली. "दम पुरत नाही," एवढंच त्यानं सांगितलं.

पुढच्या अंतिम सामन्यात समोरच्यानं चेंडू उंच उडवला. "माझा!" थोरला ओरडला. चेंडू त्याला दिसत होता. डावीकडून धावत येणारा भाऊ दिसला नाही. दोघं आदळले. धाकट्याचा गुडघा नको तसा वळला.

"चालता येईल, पण धावणं विसरा," डॉक्टर म्हणाले.

थोरला खाटेपाशी बसला. "मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही रे."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू खेळणं सोडलं असतंस." धाकट्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "पण दादा, तू सांगायला हवं होतंस. मी लहान. मी कसं विचारणार?"



पुढल्या वर्षी थोरल्यानं हट्टानं एकेरीत नाव दिलं. पहिल्याच फेरीत हरला. शेवटी शेवटी समोरचा पोरगा दयेनं चेंडू त्याच्या उजवीकडे टाकत होता. ते थोरल्याला कळलं, आणि हरण्यापेक्षा तेच जिव्हारी लागलं.

तो परतला तेव्हा धाकटा पाय स्टुलावर ठेवून कामात होता.

"काय झालं?"

"एक गेमही नाही."

धाकट्यानं मान हलवली आणि चिमटा उचलला. पुढे कित्येक वर्षं दोघं त्याच बाकावर शेजारी बसले. स्प्रिंगा, काटे, गिऱ्हाइकं, यांवर बोलत. थोरल्याच्या बायकोनं एकदा जेवताना टेनिसचा विषय काढला, तर दोघंही ताटावरून उठले.