तुटक रेघ

तलासरीच्या वर्कशॉपमध्ये लाडकीला कामाला लागून तिसरा महिना होता. सायवनची पोर, आयटीआयमधून मशिनिस्ट होऊन आलेली. पण अजून तिच्या वाट्याला घासकाम आणि झाडलोटच यायची. मशीनला हात रतनकाकांचा. वर्कशॉप त्यांचं आणि तीस वर्षांचा अनुभवही त्यांचाच.

त्या सकाळी डहाणूहून विनिताताईंचा फोन आला. त्यांच्या वाडीतलं चिकूच्या चकत्या करायचं परदेशी मशीन बंद पडलं होतं. पातं धरणारा ठोकळा तुटला होता आणि पिकलेला चिकू काही थांबणार नव्हता. मशीनच्या कंपनीने ठोकळ्याचं ड्रॉइंग पाठवलं होतं. तसलं कडक पोलाद रतनकाकांकडे एकाच ठोकळ्यापुरतं होतं.

काकांनी ड्रॉइंग पाहिलं, रेघा उठून दिसाव्यात म्हणून पोलादाच्या ठोकळ्याला निळा रंग फासला आणि पात्यासाठी कापायच्या खाचेच्या रेघा समोरच्या अंगाला ओढल्या. लाडकी शेजारी उभी राहून कागद बघत होती. बघता बघता तिचं बोट एका जागी थांबलं. समोरून दिसणाऱ्या चित्रात खाचेच्या दोन्ही रेघा तुटक होत्या. तुटक म्हणजे न दिसणाऱ्या. मग खाच समोर कशी असेल?

तिने कागदाचा कोपरा पाहिला. तिथे शेंडा कापलेल्या शंकूची खूण होती, पण आपल्याकडच्या ड्रॉइंगवर असते तशी नव्हे, उलटी. म्हणजे समोरच्या चित्राच्या उजवीकडे काढलेलं चित्र ठोकळ्याच्या उजवीकडूनच पाहिलेलं. आपल्या पद्धतीत ते डावीकडून पाहिलेलं असतं. काकांनी सवयीने तसंच वाचलं होतं, म्हणून मागची खाच पुढे आली होती.

काका मशीन चालू करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, खाच मागच्या अंगाला आहे."

काकांनी वळून पाहिलं. मागं काय नि पुढं काय, ठोकळा फिरवून लावता येईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. तोंडाने समजावत बसण्यापेक्षा लाडकी मागल्या दारी गेली आणि झाडाची कच्ची पपई तोडून आणली. सुरीने तिचे दोन ठोकळे कापले, एकाला पुढून खाच, दुसऱ्याला मागून. दोघांनाही ड्रॉइंगमध्ये होतं तसं डाव्या कडेजवळ, वरच्या अंगाला भोक पाडलं. मग पहिला फिरवून दाखवला. खाच गेली मागे, पण भोक आलं उजवीकडे.

काकांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन कागदाशी ताडून पाहिले.  मग चिंधीने ठोकळ्यावरचा निळा रंग पुसला आणि मशीनपासून बाजूला झाले.

"तूच काप आता," ते म्हणाले.

लाडकीने ठोकळा शिकंज्यात आवळला. खाच बारा मिलिमीटरची; मिलिमीटरचे दोन शतांश जास्त चालणार होते, कमी एकही नाही. शेवटचा हात तिने अगदी सावकाश फिरवला. मोजलं तर बारा पॉइंट झीरो वन. ती एकटीच हसत सुटली.

जेवणही न करता दोघं मोटारसायकलवरून डहाणूला निघाले. ठोकळा रुमालात गुंडाळून लाडकीने मांडीवर धरला होता. वाडीत पोचल्यावर तो जागेवर असा बसला, की हातोडीची गरजच पडली नाही. बटण दाबलं आणि पातळ, सारख्या चकत्या भराभर ताटात पडू लागल्या. चिकू भरणाऱ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

कोणी बनवला, असं विनिताताईंनी विचारलं. काकांनी लाडकीकडे बोट दाखवलं.

"बाई, आणखी दोन भाग झिजलेत," विनिताताई म्हणाल्या, "आणि त्यांचं ड्रॉइंगच नाही. काढून देशील?"

लाडकीने कोरा कागद मागितला आणि तिथेच टोपलीशेजारी बसकण मारली.