डावीकडे थांबलेला धोटा

कर्र... असा आवाज झाला आणि खणातली शांतता मोडली.

स्वयंपाकघरातला तो सगळ्यात खालचा खण ओढताना कुरकुरतो, म्हणून त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. त्या दुपारी मात्र कुणीतरी श्वास रोखून तो बोटभर, पुन्हा बोटभर असा पुढे ओढत होतं. घरात लेकरू झोपलेलं असलं की आया असंच करतात. उजेड आत आला. डबे कधीच हरवले अशी झाकणं, फाटकी गाळणी, अर्धी मेणबत्ती आणि त्यांच्या खाली मी. एका ओळखीच्या हाताने मला उचललं, फुंकर मारून धूळ उडवली, परत खाली ठेवलं आणि परत उचललं.

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी धोटा पाहिलाही नसेल, त्यात तुमची चूक नाही. मागावर कापड विणताना उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यांच्यामधून आडवा धागा इकडून तिकडे न्यायचा आणि तिकडून इकडे आणायचा, एवढंच माझं काम. दिसायला मी छोट्या होडीसारखा. माझ्या पोटात लोकरीची कांडी असते आणि मी पळू लागलो की तिचा धागा मागे सुटत जातो. सगळा जन्म येरझारा घालण्यात गेला. कुठे पोचलो असं विचाराल, तर कुठेच नाही. पण कापड मात्र वीतवीत पुढे सरकत गेलं.

मला घडवलं एका सुताराने, मोडक्या बाकाच्या पायातून. दोन्ही टोकांना पत्रा बसवून त्याने मला तळहातावर तोललं आणि समोरच्या विणकरीणबाईंना म्हणाला, "घ्या बाई तुमची नाव. पाण्यात सोडू नका, लोकरीतच चालायची ही." बाईंनी मला गालावरून फिरवून पाहिलं. कुठे कुसळ लागत नाही ना, हे बोटांपेक्षा गालाला आधी कळतं.

त्यांचा माग रुंद होता. त्यावर मोठी कांबळी विणली जात आणि त्या रुंदीला एका माणसाचे हात पुरत नसत. म्हणून बाकावर दोघींनी शेजारी शेजारी बसायचं. दोघींनी एकाच वेळी पायाखालच्या फळ्या दाबायच्या, की धाग्यांमध्ये वाट उघडते. डावीकडचीने मला सोडायचं, उजवीकडचीने झेलायचं, दोघींनी मिळून फणी ओढून धागा ठोकून बसवायचा आणि पुन्हा उलट. बाईंना दोन मुली होत्या. थोरली डावीकडे बसे, धाकटी उजवीकडे. थोरलीचा हात घट्ट आणि धाकटीचा सैल, त्यामुळे त्यांची कांबळी डावीकडे किंचित आखडलेली असत. गिऱ्हाईक कुरकुरलं की बाई म्हणत, "कांबळं वाकडं असलं तरी ऊब सरळच लागते."

त्या घरात एक रीत होती. संध्याकाळी काम थांबवताना मी जिच्या बाजूला असेन, तिनेच दुसऱ्या दिवशी सुरुवात करायची. दुसरीने मला हात लावायचा नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी शेवटच्या फेकीवरून दोघींचं जुंपायचं.

"उद्या मला उशिरापर्यंत झोपायचंय. तुझ्याकडेच ठेव."

"तू रोजच झोपतेस. घे, आला बघ."

आणि मी बिचारा शेवटी कुणाच्या तरी मांडीवर.

बाई गेल्या. माग धाकटीच्या घरी आला आणि थोरली दोन गल्ल्या ओलांडून रोज विणायला येऊ लागली. लोक माझं कौतुक करत, अजून कसा गुळगुळीत आहे म्हणून. तो गुळगुळीतपणा माझा नव्हता. दोन बहिणींच्या चार तळहातांनी तो दिला होता.

मग धाकटीला मुलगी झाली. त्या बाळासाठीच दोघींनी नवं कांबळं चढवलं. पण तान्हं लेकरू घरात म्हणजे घड्याळ त्याच्याच हातात. दोन फेकी होत नाहीत तोच रडणं. धाकटीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, ती बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागली, आणि एकदा तर तिने मला झेललंच नाही. मी सरळ जमिनीवर.

एका दुपारी बाळ आणि आई दोघी गाढ झोपल्या. थोरली आली, दारातून पाहिलं आणि तिने हाक मारली नाही. ती एकटीच मागावर बसली. डावीकडून मला सोडायची, उठायची, वळसा घालून उजवीकडे जायची, मला उचलायची, तिकडून सोडायची आणि पुन्हा वळसा घालून डावीकडे यायची. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून अनवाणी. वीतभर कापड झालं तेव्हा तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. एकटीने ठोकलेलं ते, एकसारखं कसं येणार? कुठे घट्ट, कुठे विरळ. मग लोकर आणायला म्हणून ती बाजारात गेली.

धाकटी जागी झाली ती बाळाच्या रडण्याने. कडेवर लेकरू, ते दात येण्याच्या त्रासाने किरकिरतंय, आणि समोर वीतभर ओबडधोबड विणकाम. ती वैतागली. एका हाताने तिने ते सगळं उसवलं आणि उसवलेली लोकर तशीच, नागमोडी, कांडीवर गुंडाळून माझ्या पोटात भरली. मित्रांनो, विणणाऱ्यांच्या घरात दुसरीचं विणलेलं तिच्या माघारी कुणी उसवत नाही. हे धाकटीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण थकलेल्या माणसाला ठाऊक असलेल्या गोष्टी आठवत नाहीत.

थोरली परत आली. उसवलेल्या जागेवरून तिने बोट फिरवलं.

"एवढं वाईट होतं?" तिने विचारलं.

"विरळ पडलं होतं गं. बाळाला टोचेल, म्हणून..."

"मला सांगायचंस. मी उसवलं असतं."

"तू नव्हतीस ना इथे."

"बाजारात होते. गाव सोडून नव्हते गेले."

तिने मला उचललं, डाव्या बाजूला ठेवलं आणि लोकरीची पिशवी दाराशी टेकवून निघून गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, उद्या येईल, असं धाकटीला वाटलं. ती आली नाही. धाकटीही गेली नाही. आधी राग होता, मग लाज आली, आणि मग नुसतीच सवय झाली.

मी डावीकडे थांबलेला, म्हणजे पाळी थोरलीची. धाकटीने मागावर चादर टाकली. चादरीवर पुढे लंगोट वाळू लागले, मग फ्रॉक, मग शाळेचा गणवेश. बाळाची चिमणी झाली आणि चिमणीने एकदा मला बादलीत सोडलं. सुताराचा शब्द मोडला. माझं एक टोक गंजून खरखरीत झालं. धाकटीने मला पुसलं आणि खणात टाकलं. झाकणांच्या गर्दीत पडून मी विचार करायचो, की एवढ्या येरझाऱ्यांनी मी कधी दमलो नाही, तेवढा या पडून राहण्याने दमलोय.

तर त्या दुपारी खण उघडला, त्याचं कारण ग्रंथपालबाई. वाचनालयाच्या सभागृहात त्या धाग्यांचा मेळावा भरवणार होत्या. सूतकताई, क्रोशा, सुयांवरचं विणकाम, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं आणि इतरांनी बसून करायचं. "नुसते बघे नकोत मला," त्या म्हणाल्या, "हात घालणारे हवेत. आणि तुमचा तो दोघींचा माग हवाच." मग चादर उचलून त्यांनी पाहिलं. "हे अर्धवट आहे ते कापून टाका की. नवे धागे चढवू."

"नाही जमणार," धाकटी म्हणाली.

"कात्री नाही का?"

"कात्र्या चार आहेत."

ग्रंथपालबाईंनी चादर परत पसरली. त्या गेल्यावर धाकटीने फोनवर बहिणीला निरोप धाडला आणि नवऱ्याला वाचून दाखवला: माग मेळाव्यात नेतेय, तुझी बाजू रिकामी आहे.

"उत्तर?" नवऱ्याने विचारलं.

"वाचलंय तिने."

"वाचलं म्हणजे निम्मं काम झालं."

"आमच्याकडे निम्म्या कामाची कमी नाही," धाकटी म्हणाली.

माग सुटा करून, धाग्यांसकट गुंडाळून सभागृहात नेला. पुन्हा जोडताना एक खुंटी हातात उरली. "ही कुठली?" नवऱ्याने विचारलं. "जिथून काढलीस तिथली," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तिला हसताना ऐकलं मी.

मेळाव्याला लोटलेली माणसं पाहून मला भोवळ आली. एका टेबलावर मुलं साबणाच्या पाण्यात लोकर चोळून तिचा नमदा, म्हणजे न विणलेलं जाड कापड, करत होती. नमदा थोडा आणि चिखल फार. निवृत्त बसचालक मोज्याची टाच कशी वळवायची ते शिकवत होते. "घाई नको, वळण आलंय, वेग कमी करा," असं ते सुयांना सांगत. धाकटी सकाळभर मुलांना पुठ्ठ्याच्या चौकटीवर विणायला शिकवत राहिली. रुंद माग मात्र तसाच, आणि मी त्याच्या डाव्या बाजूला.

"हा बंद आहे का?" येणारा जाणारा विचारी.

"नाही. पाळी दुसरीची आहे."

दुपारी सगळे मागाभोवती जमले. ग्रंथपालबाई पदर खोचून म्हणाल्या, "अहो, लोक खोळंबलेत. मी बसते डावीकडे."

"थोडं थांबू या."

"सकाळपासून थांबलोय. माग विणायला आणलाय की पूजेला?"

धाकटीने दाराकडे पाहिलं. थोरली न येण्याचा अर्थ आता एकच उरला होता, की तिला परत यायचंच नाही. इथे दुसऱ्या कुणी मला उचललं असतं, तर घरातली रीत मोडली असती आणि तिच्याबरोबर थोरलीची जागाही गेली असती. तेवढ्यात चिमणी बाकावर चढली. "मी बसते मावशीच्या जागी," म्हणाली. तिचे पाय फळ्यांच्या वर हवेत लोंबत होते. तिने माझ्याकडे हात नेला.

"ऊठ गं. पाय पोचेपर्यंत वाढ आधी."

थोरली. ती दारातून आलीच नव्हती. सकाळपासून बसचालकांच्या टेबलाशी, आमच्याकडे पाठ करून, मोजा विणत बसली होती. टाच चुकलेला तो मोजा अजून तिच्या हातात होता. तिने तो पिशवीत कोंबला आणि चिमणीला उतरवून ती बाकावर बसली. धाकटी उजवीकडे बसली. दोघींमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर होतं.

थोरलीने मला हातात घेतलं, कांडी बोटाने चाचपली. लोकर अजून नागमोडीच होती.

"उसवलेली लोकर भिजवून, ताण देऊन वाळवायची असते," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तशीच गुंडाळलीस?"

"बाळ रडत होतं."

"ते बाळ आता माझ्या जागेवर बसायला निघालंय."

धाकटी म्हणाली, "तू एकटी इकडून तिकडे फिरत होतीस, मला झोपू देऊन. मी लक्षातच घेतलं नाही."

"फळी दाब," थोरली म्हणाली. "लोक बघतायत."

वाट उघडली. मी सुटलो.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय. गंजलेल्या टोकाने दोन धागे ओरबाडले, वाटेत अडखळलो. पण पलीकडे तो सैल हात होता. मी परत आलो तेव्हा इकडे घट्ट हात होता. फणी ठोकली जात होती, आधी दोघींचे हात पुढे-मागे, मग एकत्र. त्या जुन्या दुपारची तीच वाकडी लोकर पुन्हा कापडात जाऊन बसत होती, आणि बाकावरचं अंतर केव्हा मिटलं ते मला दिसलं नाही. मी धाग्यांच्या आत होतो.

वीतभर झालं आणि कांडी संपली. मी डावीकडे होतो.

तुम्हाला उपदेश करण्याइतकी ताकद माझ्यात उरली नाही. एवढंच मागतो. घरात कुणाचं अर्धं राहिलेलं काम चादरीखाली असेल, तर त्यावर कपडे वाळत घालू नका. आणि दुसऱ्याचं विणलेलं, वाईट असलं तरी, त्याला विचारल्याशिवाय उसवू नका. वस्तूंवर धूळ बसली तर पुसता येते.

कांबळ्याची अजून हातभर लांबी बाकी होती. धाकटीने नवी कांडी पुढे केली. थोरलीने ती घेतली नाही. माझ्या टोकावरून तिने अंगठा फिरवला, मग मला गालाला लावलं, आईसारखं.

"खरखरीत झालाय," ती म्हणाली. "घासायला हवा."

तिने मला पिशवीत टाकलं, त्या चुकलेल्या मोज्याशेजारी, आणि उठली. नवी कांडी धाकटीच्या हातातच राहिली असावी. पिशवी हेलकावत दाराकडे निघाली आणि मागून चिमणीचा आवाज आला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"आई, मावशी धोटा घेऊन चाललीये. म्हणजे आता ती नक्की येणार, का आता कधीच येणार नाही?"

पिशवी दारात थांबली. मी कान देऊन ऐकत होतो. मागून, बाकाच्या डाव्या बाजूला नवी कांडी ठेवल्याचा आवाज आला.