हळदीला नेलेल्या रिव्हॉल्व्हरची कैफियत

मित्रांनो, जगातली सारी शांतता माझ्या धाकावर उभी आहे. राजे, सेनापती, कोतवाल, सगळे माझ्याच कुळाच्या भरवशावर निवांत झोपत आले. मी स्वतः मात्र सध्या पनवेलजवळ करंजाड्याला एका कपाटात, पैठणीखाली, डांबराच्या गोळीशेजारी पडून असतो. तिच्या वासाने निदान झुरळं तरी पळतात.

मी एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे. माझा जन्म सरकारी कारखान्यात झाला. तिथे मला तेल पाजलं, घासलं, डब्यात निजवलं. पुढे देशाच्या सीमेवर जाईन, अशी माझी भाबडी समजूत. मी पनवेलला आलो.

माझे धनी भगवानशेठ. त्यांच्या भातशेतीवर इमारती उगवल्या आणि शेठच्या कमरेला काहीतरी हवंसं वाटू लागलं. परवान्याच्या अर्जात जिवाला धोका दाखवावा लागतो. शेठना धोका नव्हता. मग चुलतभावाशी बांधावरून भांडण उकरून काढलं आणि धोका तयार केला. बांध तर केव्हाच पार्किंगखाली गेला होता.

नियमाप्रमाणे प्रशिक्षणही झालं. उदयसिंह नावाचे निवृत्त सुभेदार शिकवायला होते. ते घसा कोरडा करून सांगत होते, "बोट घोड्यावर ठेवायचं नाही. नळी माणसाकडे न्यायची नाही. गर्दीत तर हे बाहेरच काढायचं नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या वतीने म्हटलं, म्हणून मला फार आवडलं. शेठ त्या वेळी फोटोसाठी कॉलर नीट करत होते. तो फोटो नंतर वाढदिवसाच्या बॅनरवर नाक्यावर लागला. प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारी लागलं.

शेठची मुलगी समीक्षा एकदा म्हणाली, "बाबा, स्कूटीच्या लायसनला मला आठचा आकडा काढायला लावला होता. तुम्हाला काय काढायला लावलं?"

"फोटो," शेठ म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

निवडणूक आली की मला पोलीस ठाण्यात जमा करतात. तेवढेच माझे सुखाचे दिवस. मत देताना माणसाचं डोकं फिरू शकतं, हे सरकारला ठाऊक आहे. हळदीत नाचताना ते थंड राहतं, असा सरकारचा समज असावा.

मग शेठच्या मुलाची, प्रितेशची हळद आली. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवात बेंजो वाजवायला काशिराम होता. शेठचा बालमित्र. दोघांनी खाडीच्या चिखलात मिळून निवट्या मासळी धरली होती. काशिरामच्या बोटांखाली बेंजो असा बोलायचा, की व्याही रुसायचं विसरत. त्याचं घर त्या बोटांवर चालायचं.

"बाबा, ते रिव्हॉल्व्हर मांडवात नेऊ नका," समीक्षाने सकाळीच बजावलं होतं.

"नुसता कंबरंला हाय गो. शोभंला."

संध्याकाळी शोभा वाढली. कुणीतरी ओरडलं, "शेठ, नुसता कंबरंला बांदून कवा फुटल काय त्यो? वाजव ना! का परवाना घरी इसरलास?"

हे मात्र शेठना लागलं. परवाना तर खिशातच होता. हळदीने पिवळ्या झालेल्या हाताने त्यांनी मला उपसलं, आभाळाकडे धरलं. नाचणाऱ्या एका मेव्हण्याचा कोपर लागला. मी वाजलो. बेंजो थांबला.

काशिरामच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, फटाका फुटला. समीक्षा रडत त्याच्या खाटेशी बसली. "काका, तुम्ही तरी पोलिसांना खरं सांगा. मी येते सोबत."

काशिराम पट्टी बांधलेला हात छातीशी धरून म्हणाला, "बाय, तुजी हलद बाकी हाय आजून. वाजवाया नाय, पन जेवाया तरी बोलवतील. खरं सांगून त्ये पन घालवू?"

शेठही खाटेशी आले होते, अगदी मनापासून रडले. मला सरकारजमा करायचं मात्र बोलले नाहीत. परवान्याचं नूतनीकरण वेळेवर झालं. काही गैरप्रकार? नाही. प्रमाणपत्र आहे? आहे. सगळं नियमात होतं, मित्रांनो. मीसुद्धा.

आता रविवारी समीक्षाची हळद आहे. तिने पुन्हा विनवलं, जेवणही सोडून पाहिलं. शेठनी नवं चामड्याचं म्यान आणलं. काशिरामला पहिल्या पंगतीचं आमंत्रण गेलंय. बेंजोच्या जागी मोठाले स्पीकर येणार आहेत. त्यांना बोटं नसतात, एवढीच काय ती सुधारणा.

मला शहाण्या हातात द्या, असं मी आता म्हणत नाही. मला शिकून घ्या, हेही नाही. ते सांगून सुभेदारांचा घसा बसला. फक्त रविवारी मला काढण्याआधी तेवढे हात धुवा. मागच्या वेळची हळद माझ्या मुठीच्या लाकडात शिरलीय, ती अजून निघत नाही.