गुवाहाटीची ओळ

पाचला दहा मिनिटं असताना क्लायंट सुरू झाला. मात्र असं काही घडलेलंच नाही, तेव्हा आपण साडेतीनपासून बघू.

साडेतीनला कोलकात्यात, बालीगंजच्या सरकारी कंपनीच्या कार्यालयात क्षितिज तिसऱ्यांदा उठून पुन्हा बसला. नाशिकच्या बदलीचा अर्ज मुख्य सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये पाचच्या आत टाकायचा होता, आणि तो फोल्डर संगणकावर आणून देणारा 'क्लायंट' नावाचा प्रोग्रॅम काही केल्या उठेना. बायको, नूपुर, नाशकात एकटी, सातवा महिना. अर्जांची पुढची फेरी थेट वर्षभरानं.

त्यानं केबल काढून लावली. मुख्य सर्व्हरला हाक मारली. त्यानं लगेच ओ दिली. क्लायंट मात्र 'वाट पाहत आहे' म्हणून बसून राहिला. शेवटी क्षितिजनं सेटिंगची फाईल उघडली. जोडायच्या सर्व्हरांच्या यादीत पहिली ओळ गुवाहाटीची. तो सर्व्हर भंगारात गेल्याला सहा वर्षं झाली होती. दुपारी वीज गेली, सहा वर्षांत पहिल्यांदाच संगणक बंद पडला, आणि उठल्याबरोबर क्लायंट इमानेइतबारे त्या भंगाराची वाट बघायला लागला.

"मंजुषाताई, ही ओळ उडवतो."

"खुशाल उडव. फक्त गुरुदत्तची सही आण, त्यानं घातलीय ती." मंजुषाताई नोंदवही सांभाळायच्या. त्या मजल्यावर मराठी बोलणारं दुसरं माणूस म्हणजे त्याच.

गुरुदत्तची कधीच कोचीला बदली झालेली. फोनवर म्हणाला, "देतो की सही. फॉर्म सामाईक फोल्डरमध्ये टाक."

"फोल्डर उघडत नाही म्हणून तर सही हवीय."

"मग आधी तो उघड ना रे."

सियालदहची लोकल गाठणारे लोक जेवणाचे डबे पिशवीत भरायला लागले. क्षितिजनं त्या ओळीपुढे # टाकलं, म्हणजे क्लायंट ती न वाचता पुढं जाईल. ओळ उडवली नाही, नुसती रजेवर पाठवली. क्लायंट उठला. अर्ज गेला.

मंजुषाताईंनी वही ओढली. "सुरू झाला असं लिहू? मग कसा झाला, तेही लिहावं लागेल. बिनसहीचा बदल, म्हणजे चौकशी. चौकशीत बदली नाही."

"मग नका लिहू."

वहीत 'क्लायंट दिवसभर बंद' असं पडलं. वहीची प्रत मुख्यालयात गेली. सहाला उत्तर आलं: बंद क्लायंटमधून आलेला अर्ज आलेला धरता येत नाही.

क्षितिजनं कोरा कागद घेतला.

'विनंती की, गुवाहाटी सर्व्हर अस्तित्वात नसल्याचा दाखला सदर सर्व्हरच्याच सहीनिशी मिळावा. व तो मिळेपर्यंत माझ्या पत्नीचा सातवा महिना सातवाच धरण्यात यावा.'