खोकल्यानंतरचा ठोका

गायकाची किळस यायला ड्रमरला वीस वर्षं लागली, आणि मग ती एका दुपारात पुरती आली.

बँडचं नाव झालं ते नंतरच्या गाण्यांवर. पहिल्या कॅसेटवरच्या शेवटच्या गाण्याला कुत्रंही विचारत नव्हतं. ते ड्रमरच्या धाकट्या भावानं लिहिलं होतं आणि गायलंही त्यानंच, एका गॅरेजमध्ये. दुसऱ्या कडव्यानंतर त्याला खोकल्याची उबळ आली. ती टेपवर तशीच राहिली. उबळ संपते आणि ड्रम सुरू होतात. वर्षभरात त्याच दुखण्यानं धाकटा गेला. गाणं पुन्हा कोणी वाजवलं नाही.

आता कुठल्याशा पोरांना ती कॅसेट सापडली, त्यांनी गाणं इंटरनेटवर टाकलं आणि त्याला एकदम चांगले दिवस आले. गायकानं ते कार्यक्रमात घ्यायचं ठरवलं. ड्रमरनं आईला पहिल्या रांगेत जागा ठेवली. तिनं ते कधीच ऐकलं नव्हतं. धाकटा गेल्यावर घरात ती कॅसेट लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

दुपारच्या तालमीत साउंडवाल्यानं बटण दाबलं आणि स्पीकरमधून धाकटा खोकला. सगळं सभागृह भरून खोकला. ड्रमरच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"हे काय आहे?"

"ओरिजिनल आहे रे," गायक सफरचंद खात म्हणाला. "लोक त्यासाठीच तर येणार. पोरांच्या व्हिडिओत सगळे एकदम खोकतात, आज बघच तू."

"आई येतेय माझी. काढ ते."

"काढतो की. एवढं काय मनाला लावून घेतोस?" सफरचंदाचा उष्टा गाभा ड्रमच्या कडेवर ठेवून तो चालता झाला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे ड्रमरला तेव्हाच कळायला हवं होतं.

संध्याकाळी गायकानं डोळे मिटून, गळा दाटून आणून "माझा लहान भाऊ" अशी सुरुवात केली. दवाखान्यात हा एकदाही फिरकला नव्हता. दोन कडवी झाली, आणि खोकला आलाच. हजारभर लोकांनी हसत हसत घसे खरवडून साथ दिली. गायकानं छातीवर हात ठेवून वाकून खोकायचं सोंग केलं. काठ्या तिथंच टाकून ड्रमर स्टेजवरून खाली उतरला. मागं गाणं अडखळून बंद पडलं, तेव्हा त्याला मनातून बरंच वाटलं. धाकट्याची बाजू घेणारं आपल्याशिवाय कोण होतं तिथं?

आई मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"चल आई, घरी जाऊ. हलकट आहेत सगळे."

ती उठली नाही. "तो आपला धाकटाच होता ना खोकत?"

"हो."

"तू तिथंच होतास?"

"हो."

"मग पाणी का नाही दिलंस रे त्याला?"

बाटली ड्रमरच्या स्टुलापाशीच होती. धाकट्यानं तिच्याकडे बोटही केलं होतं. पण रेकॉर्डिंग चालू होतं, उरलेली ती शेवटची टेप होती, उठलं असतं तर आवाज आला असता. ड्रमरनं नुसती मान हलवून त्याला नाही म्हटलं होतं, खोकला संपेपर्यंत मनात मात्रा मोजल्या होत्या, आणि मग अगदी तालात पहिला ठोका मारला होता.