निळा मोजा आणि माझी बदनामी

मी कार्बुरेटर बोलतोय. या गॅरेजात माझ्याइतका हुशार दुसरा कोणी नाही. आता गॅरेजात माझ्याखेरीज बर्फ ओढायचं फावडं, गवत कापायचं यंत्र आणि आमचा मालक लायल एवढेच असतात, तेव्हा पहिला नंबर काढायला मला फार अभ्यास करावा लागला नाही, ही गोष्ट वेगळी.

शाळा म्हणाल तर अर्धवट. विषय दोनच, हवा आणि पेट्रोल. हवेचे पंधरा घास, त्यात पेट्रोलचा एक, नीट कालवायचं आणि इंजिनाला भरवायचं. पुढचं गणित मला येत नाही. पण लायलला एवढंही येत नाही, आणि तो तर शाळा पुरी करून बसलाय.

जन्म माझा जपानातला. धातूचा रस साच्यात ओतला, पोटाशी वाटी बसवली, वाटीत पितळी फुगा सोडला, केसाएवढ्या भोकाचा जेट आत पिळला आणि मोटरसायकलच्या कुशीत बसवून मला बोटीवर चढवलं. उतरलो तो थेट अमेरिकेतल्या मिनेसोटात. पहिला मालक न्हावी. गाडी जरा खोकली की हा लोणी लावायच्या सुरीने माझे स्क्रू पिळायचा. गिऱ्हाइकांची डोकी कशी करत असेल, देव जाणे! त्याच्याकडून गाडी लायलने घेतली, कारण त्याला आर्डिस नावाच्या मुलीला फिरवायचं होतं.

तेव्हापासून एक रीत पडली. तळ्यावरचा बर्फ फुटून पाणी मोकळं झालं की दोघं या गाडीवरून पलीकडच्या काठावरच्या खानावळीत जातात आणि एकाच बशीत ब्लूबेरीचे पॅनकेक खातात. लग्नाआधी सुरू झालेलं हे, मुलं मोठी होऊन पांगली तरी चुकलं नाही. आर्डिस मागे बसून रस्ताभर सूचना देते आणि वाऱ्यामुळे काही ऐकू येत नाही, असं लायल दाखवतो. संसार म्हणतात तो हाच.

इथला हिवाळा लांबलचक. बाहेर सगळं गोठलं की उंदीर गॅरेजात येतात, आणि गाडीची हवेची नळी दिसली की त्यांना फुकटात घर मिळतं. म्हणून गावातले सगळे थंडीच्या तोंडावर त्या नळीत काहीबाही कोंबतात आणि वसंतात विसरू नये म्हणून हँडलला लाल फडकं बांधतात. लायलने या खेपेला हाताला लागला तो निळा लोकरीचा मोजा कोंबला.

"खूण बांध रे," आर्डिस म्हणाली.

"मी काय म्हातारा झालोय विसरायला?"

झालं. वसंत आला, बर्फ फुटला, लायलने किक मारली. गाडीने दोन उचक्या दिल्या, काळा धूर सोडला आणि बंद. पुन्हा किक, पुन्हा उचक्या. प्लग काढला तर काजळीने माखलेला. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. अहो, कमी होणारच! नाकात मोजा कोंबल्यावर तुम्ही तरी गाल का? पण माणसाची एक खोड मी पाहिलीय. जिथे आपलाच हात लागलाय, तिथे तो सगळ्यात शेवटी बघतो.

"कार्बुरेटर बिघडलाय!" लायलने निकाल दिला.

मग माझे हाल सुरू झाले. जेट फुंकला, फुगा वाकवला, दात घासायच्या ब्रशने पोट घासलं. मला परत बसवलं, तरी उचक्याच. शेवटी मला पातेल्यात घालून चुलीवर चढवलं.

"काय उकळतंय हे?" आर्डिसने विचारलं.

"कार्बुरेटर. लिंबाच्या रसात मळ सुटतो."

"माझ्या जॅमच्या पातेल्यात?"

"अगं, जॅममध्येही तू लिंबू घालतेसच की."

"एक दिवस तुलाच घालीन. आणि मी विणलेल्या निळ्या मोज्यांतला दुसरा कुठंय?"

"वॉशिंग मशिनने खाल्ला असेल."

मी खदखदून हसलो. लायलला वाटलं, रसाला उकळी आली.

तेवढ्यात शेजारचा क्लेटन आला. याची सवय अशी, की दुसऱ्याची वस्तू मोडली की त्याचा चेहरा उजळतो. "फेकून दे तो डबा. नवा मागव. नाहीतर असं कर, गाडीच मला देऊन टाक, सुट्या भागांना कामाला येईल."

लायलचं डोकं फिरलं. "शनिवारपर्यंत सुरू झाली नाही तर घेऊन जा!"

क्लेटनने लगेच हात पुढे केला. इथे हातात हात दिला की शब्द पक्का, मागे फिरायची सोय नाही. आर्डिस दारात उभी होती. एरवी लायलच्या श्वासावरही सूचना देणारी ही बाई, आज नुसती पाठ फिरवून आत गेली. त्या दिवशी मीही हसलो नाही.

शनिवारी क्लेटन ट्रेलर घेऊन हजर. वाकून मला निरखून म्हणाला, "हा तर पहिल्यांदा भंगारात." मी फुगा जरासा अडकवून त्याच्या कोऱ्या बुटावर पेट्रोलची धार सोडली. मजा आली, नाही कशाला म्हणू? पण बूट भिजवून मरण टळत नसतं.

लायल हँडल धरून उभा होता, मान खाली. आर्डिस बाहेर आली. सीटखाली तिचा डोक्याला बांधायचा रुमाल असतो, तो तेवढा काढून घ्यायला. तिने सीट उचलली आणि तशीच थांबली. हवेच्या नळीच्या तोंडातून निळी टाच डोकावत होती. तिने ओढलं. मोजा निघतच राहिला, कारण आर्डिस विणते ते गुडघ्यापर्यंत.

क्लेटन आभाळाकडे बघू लागला. लायलला एकाएकी किकमध्ये फार काम दिसलं. त्याने मारली, आणि हवा आली! भरभरून, ताजी, तळ्यावरची. पंधराला एक कालवून मी असं भरवलं की इंजिन पहिल्याच दणक्याला गाऊ लागलं. क्लेटन रिकामा ट्रेलर खडखडवत घरी गेला.

माझं वय झालंय. स्क्रूंचे आटे झिजलेत, अंगाला अजून लिंबाचा वास येतो. तुमच्या गॅरेजातही माझा एखादा भाऊबंद असेल. एकच विनंती, त्याला खोलण्याआधी आपण काय कुठे कोंबलंय, ते जरा आठवून बघा.

लायलने हेल्मेट चढवलं, छाती फुगवली. "बघ, मी म्हणत नव्हतो का, कार्बुरेटर एकदम ठणठणीत आहे!"

आर्डिस मागे बसली. तिने मोजा खिशात घातला आणि दुसऱ्या खिशातून लाल फडकं काढलं.

"यंदा खूण गाडीला नको, लायल. तुलाच बांधते."